घरची पवनचक्की वळवात टिकवायची तर

मळ्यातल्या वस्तीवर छोटी पवनचक्की बसवावी का, अशी चौकशी बेळगाव, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात अधूनमधून होत असते. सोलरच्या प्लेटा बऱ्याच जणांच्या छपरावर आलेल्या असतात. जून ते ऑगस्ट आभाळ झाकोळलेले राहते, प्लेटांची वीज खूप घटते, आणि नेमका त्याच दिवसांत पश्चिमेचा वारा रात्रंदिवस घोंघावत असतो. मग त्याचीही वीज का घेऊ नये? विचार रास्त आहे. फक्त विकणाऱ्याला ‘किती वॅट देते’ हा प्रश्न आधी विचारू नका. ‘वारा हाताबाहेर गेला की ही स्वतःला कशी आवरते’ हे आधी विचारा. याचे उत्तर नीट मिळाले नाही, तर किंमत आणि वॉरंटीची बोलणी पुढे नेण्यात अर्थ नाही.

आपल्याकडचा वारा दोन स्वभावांचा आहे. पावसाळ्यातला वारा जोराचा असला तरी विश्वासाचा: आंबोली-चोर्ल्याच्या बाजूने, घाट ओलांडून येतो, दिशा फारशी सोडत नाही, वाढतो तोही बेताबेताने. एप्रिल-मे मधला वळीव मात्र वेगळा. दुपारपर्यंत पान हलत नाही. चार-पाचच्या सुमारास ढग उंच चढतात, धुळीचा लोट येतो आणि काही मिनिटांत शांत हवेचे वादळ होते. पत्रे उडतात, केळीच्या बागा झोपतात, विजेचे खांब वाकतात. या वाऱ्याला ठरलेली दिशा नसते; आधी एकीकडून येतो आणि लगेच उलटतो. पवनचक्की वर्षभर जे कमावते ते पावसाळ्यातल्या वाऱ्यावर. मोडते ती मात्र वळवाच्या एखाद्या संध्याकाळी. म्हणून यंत्र निवडताना वर्षाचा सरासरी वारा जितका पाहायचा, तितकीच ती संध्याकाळ डोळ्यांसमोर ठेवायची.

हा धोका किती मोठा आहे हे थोड्या आकड्यांवरून कळेल. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. पात्यांच्या चक्राचा व्यास २.४ मीटरचा, म्हणजे आठ फुटी पवनचक्की धरा. बाजारात ती साधारण एक किलोवॅटची म्हणून मिळते. ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात ती सहाशे वॅटच्या आसपास देईल, ४३ च्या वाऱ्यात हजारापर्यंत जाईल. वारा ७२ वर गेला आणि तिला कोणी आवरले नाही, तर हाच हिशेब पाच किलोवॅटवर पोचतो. एक किलोवॅटसाठी गुंडाळलेली तांब्याची तार हे सोसू शकत नाही. तिचे वॉर्निश जळते आणि जनरेटर बाद होतो. मागे ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ३६ च्या वाऱ्यात आठ फुटी चक्रावर साधारण २२ किलोंचा रेटा असतो, ७२ ला ९० किलोंचा. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात इमारती आणि मनोऱ्यांसाठी वाऱ्याचे वेग दिले आहेत. त्यात पुणे आणि पणजीसाठी सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर, आणि बंगळूरसाठी ३३ मीटर असा झोत धरला आहे. आपला पट्टा या दोन्हींच्या मध्ये आहे. मी तरी इथे ३९ च धरायला सांगेन. त्या झोतात हेच चक्र वाऱ्यासमोर तोंड करून फिरत राहिले, तर रेटा ३४० किलोंच्या घरात जातो, तोही चाळीस फूट उंच खांबाच्या टोकाला.

पात्यांचे स्वतःचे ओढणे वेगळेच. दीड किलोचे एक पाते ३६ च्या वाऱ्यात फिरत असताना, मिनिटाला पावणेपाचशे फेऱ्यांवर, आपल्या बुडाच्या बोल्टांना दोनशे किलोंच्या आसपास जोराने बाहेर ओढत असते. फेऱ्या दुप्पट झाल्या की हे ओढणे चौपट. पाते सुटून उडते ते याच कारणाने.

सौंदत्तीच्या माळावर किंवा ढालगावकडे गेलात तर मोठ्या पवनचक्क्या दिसतात. त्यांच्यात वेगमापक, संगणक, प्रत्येक पाते आपल्या अक्षाभोवती फिरवणारी यंत्रणा आणि ब्रेक असतात. वारा सेकंदाला पंचवीस मीटरच्या आसपास गेला की त्या स्वतःहून पाती वळवून उभ्या राहतात. घरगुती यंत्रात एवढा खर्च परवडत नाही. म्हणून तिथे वाऱ्याचाच जोर वाऱ्याविरुद्ध वापरण्याची युक्ती असते. ती जुनी आहे. अमेरिकेत डॅनियल हॅलडे यांनी १८५४ मध्ये स्वतःला आवरणारी पाणी उपसणारी पवनचक्की केली आणि लिओनार्ड व्हीलर यांनी १८६७ च्या सुमारास चक्राला वाऱ्यातून बाजूला काढणारी रचना आणली. आजच्या बहुतेक छोट्या पवनचक्क्यांत याच दुसऱ्या कल्पनेचा अवतार असतो.

ही कल्पना समजून घ्या, कारण दुरुस्तीच्या वेळी तीच उपयोगी पडते. चक्राचा मध्य खांबाच्या बरोबर मध्यावर नसतो, थोडा एका बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे वाऱ्याचा रेटा चक्राला मागे तर ढकलतोच, शिवाय सगळे डोके खांबाभोवती वळवायलाही बघतो. शेपूट हे वळणे रोखून धरते. पण शेपूट डोक्याला पक्के जोडलेले नसते, ते एका तिरक्या बिजागरीवर असते. मळ्याचे फाटक बिजागरी थोडी तिरकी ठेवून बसवले की ढकलून सोडल्यावर आपोआप मिटते, तशीच ही रचना. फाटक उघडताना किंचित उचलले जाते आणि स्वतःच्या वजनाने परत खाली येते. बेताच्या वाऱ्यात शेपूट आपल्या वजनाने तळच्या जागी बसून राहते आणि चक्र वाऱ्यासमोर असते. रेटा वाढला की डोके वळू लागते, वाऱ्याच्या रेषेत राहिलेले शेपूट बिजागरीवर वर चढते, आणि चक्र वाऱ्याला कड देऊन उभे राहते. वारा उतरला की शेपूट खाली घसरते आणि चक्र पुन्हा समोर येते. यात ना मोटर, ना सेन्सर. घरी पवनचक्की बनवणाऱ्यांमध्ये स्कॉटलंडच्या ह्यू पिगट यांची रचना जगभर वापरली जाते. तिच्यात बिजागरीची खीळ उभ्या रेषेपासून सुमारे वीस अंश कललेली असते. काही कंपन्या चक्र बाजूला वळवण्याऐवजी जनरेटरसकट वर उचलतात, तत्त्व तेच.

चक्र कोणत्या वाऱ्यात बाजूला व्हायचे हे शेपटीच्या वजनावर ठरते. शेपूट जड केले तर ते उशिरा वर चढते, हलके केले तर लवकर. बहुतेक यंत्रे ताशी ३६ ते ४५ च्या वाऱ्यात वळायला लागतील अशी जुळवलेली असतात. खात्री करायची तर जोराच्या वाऱ्यात सुरक्षित अंतरावरून बघा: मीटरवरचे वॅट ठरलेल्या आकड्यापाशी अडखळले पाहिजेत आणि चक्र तिरपे होताना दिसले पाहिजे. वॅट वाढतच चालले आणि चक्र हलत नसेल, तर शेपूट जड झाले आहे किंवा खीळ जाम झाली आहे. शेपटीचा पत्रा गंजला म्हणून त्यावर दुसरा पत्रा वेल्डिंगने चढवणे ही हौसेने केलेली दुरुस्ती फार महागात पडते. दोन किलो वजन वाढले, दिसायला काम मजबूत झाले, पण वळणे उशिरावर गेले. वजन बदलायचेच असेल तर अर्ध्या-अर्ध्या किलोने बदला आणि दरवेळी काही दिवस वारा बघा.

खिळीकडे तर मी सगळ्यांत जास्त लक्ष द्यायला सांगेन. उन्हाळाभर रस्त्याची आणि शेताची धूळ ग्रीसमध्ये बसते, तिचा चिकट काळा लेप होतो, त्यावर पहिला पाऊस पडला की आत गंज धरतो. शेपूट हाताने वर उचलून सोडा. ते कुठेही न अडखळता, एका दमात खाली आले पाहिजे. मध्ये थांबले, किरकिरले, धक्का खाऊन उतरले, की खीळ काढून घासलेटने धुवा आणि नवे ग्रीस भरा. बुश झिजून खीळ डुगडुगत असेल तर बदला. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर गनमेटलचा बुश करून घेणे अवघड नाही. दोन्ही टोकांना शेपूट अडवणारे थांबे असतात. त्यांवर जाड रबर हवे, नाहीतर वळवाच्या झोतात शेपूट आपटून वेल्डिंग तडकते, आणि थांबा तुटला तर शेपूट थेट पात्यांत जाते.

या रचनेला एक मर्यादा आहे, ती विक्रेता सहसा सांगत नाही. चक्र वळायला अर्धा-एक सेकंद तरी लागतो. वळवात दिशा झपकन उलटली की वेगाने फिरणाऱ्या चक्राला अचानक वळावे लागते, आणि फिरते चक्र वळवताना पात्यांच्या बुडाशी वाकवणारा जबर ताण येतो. केसाएवढ्या चिरा तिथेच सुरू होतात. लाकडी पात्यांवर रंगाची रेघ तुटलेली दिसली तर नखाने खरवडून पाहा. फायबरच्या पात्यांवर पांढरट डाग ही खूण असते.

पाती स्वतःच आपला कोन बदलतील अशी रचनाही असते. फेऱ्या वाढल्या की मध्यावरची वजने बाहेर फेकली जातात आणि पात्यांना वळवतात. ती सुरेख चालते, पण भाग जास्त, झीज जास्त, आणि सुटे भाग इथे मिळत नाहीत. उभ्या अक्षाच्या पवनचक्क्या दिसायला देखण्या असतात, आवाज कमी करतात. मात्र त्यांना वाऱ्यातून तोंड फिरवून घेता येत नाही, कारण त्यांचे तोंड सगळ्याच बाजूंना असते. तिथे सगळी भिस्त ब्रेकवर. ‘हिला वादळाची भीती नाही’ असे कोणी सांगितले तर ब्रेक नेमका कसा आणि वीज गेल्यावरही लागतो का, हे खोदून विचारा.

आता विजेची बाजू, आणि माझ्या मते आपल्याकडची सर्वांत मोठी चूक इथेच होते. सोलर बसवणाराच बहुधा पवनचक्कीही जोडतो, आणि सोलरच्या सवयीने जोडतो. सोलरची प्लेट बॅटरी भरल्यावर तोडून ठेवली तरी तिला काही होत नाही, ती उन्हात नुसती पडून राहते. पवनचक्कीचे तसे नाही. जनरेटरमधून वीज ओढली जात असते तोवर चक्राला ओझे असते आणि वेग ताब्यात राहतो. तार तोडली की ओझे गेले. चक्र भरधाव सुटते, व्होल्टेज चढते, कंट्रोलर जळतो आणि मग पात्यांवर येते. म्हणून सोलरचा कंट्रोलर पवनचक्कीला चालत नाही. बॅटरी भरल्यावर जादा वीज वळवून जाळून टाकणारा कंट्रोलर लागतो, आणि त्यासोबत ती जाळायला हीटरची कॉइल. जनरेटरपासून कंट्रोलरपर्यंतच्या तारेत साधा फ्यूज किंवा एमसीबी घालू नका. भर वाऱ्यात तो उडाला की त्याने तार वाचवली आणि पवनचक्की घालवली, असे होते. फ्यूज बॅटरीच्या बाजूला ठेवा, आणि बॅटरी तुटली तरी जादा व्होल्टेज ओळखून ओझे टाकणारा किंवा ब्रेक लावणारा कंट्रोलर घ्या.

कॉइल किती मोठी हवी? ४८ व्होल्टच्या बॅटरीसंचासाठी, एक किलोवॅटच्या यंत्राला, दीड किलोवॅट जाळू शकेल अशी. बॅटरी भरत आली की व्होल्टेज ५६ च्या आसपास असते, तेव्हा कॉइलचा रोध दोन ओहम लागतो. तिच्यातून २८ अँपिअर जातात. इथे बरेच जण गिझरची दोन हजार वॅटची कॉइल आणून लावतात आणि निर्धास्त होतात. ती २३० व्होल्टसाठी बनलेली असते. ५६ व्होल्टवर ती जेमतेम १२० वॅट घेते, म्हणजे जवळजवळ काहीच ओझे टाकत नाही. विकत घेताना व्होल्ट आणि ओहम दोन्ही विचारा. आणि ती कॉइल तापते, चांगली लालबुंद होऊ शकते. निपाणीकडे घराला लागून तंबाखूची कोठारे असतात, कडब्याच्या गंज्या असतात. कॉइल त्यांच्या आसपासही नको. विटांच्या भिंतीवर, मोकळ्या हवेत, पावसाचा शिंतोडा न येईल अशा जागी बसवा.

ओझ्याचा अतिरेकही वाईट. जनरेटर जरुरीपेक्षा जास्त ओढत असेल तर पाती मंद पडतात, वारा त्यांच्यावरून नीट सरकत नाही आणि चक्रावरचा रेटा घटतो. रेटा घटला की चक्र बाजूला होत नाही. ते वादळासमोर तसेच उभे राहते आणि गुंडाळी तापत जाते. पाती मोठ्या वाऱ्यातही सुस्त फिरत असतील आणि जनरेटर गरम लागत असेल, तर तारेत कुठेतरी अर्धवट शॉर्ट झालेला आहे का ते बघा.

जनरेटरच्या तिन्ही तारा आपसांत जोडून त्यालाच ब्रेक बनवणे, ही घरगुती पवनचक्कीतली दुसरी ढाल. खांबाच्या बुडाशी, एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरच्या अलीकडे, तीन पोलचा भक्कम स्विच बसवतात. तो टाकला की चक्र जवळजवळ उभे राहते. पण हा ब्रेक वादळ येण्याआधी टाकायचा. चक्र एकदा भरधाव झाले की शॉर्ट करूनही ते थांबेलच असे नाही. वेगाबरोबर जनरेटरचे अडवणे एका मर्यादेनंतर उलट कमी होते, आणि सगळी शक्ती गुंडाळीत उष्णता बनून उतरते. उशीर झालाच असेल तर झोत ओसरण्याची वाट बघा, शांततेच्या त्या क्षणी स्विच टाका. तो टाकताना पात्यांच्या सरळ रेषेत उभे राहू नका.

हे सगळे धरून आपल्या भागासाठी माझा सल्ला असा. एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस सुरू होईपर्यंत रोज दुपारी तीनच्या सुमारास ब्रेक टाका आणि सकाळी काढा. यात नुकसान फार नाही, कारण त्या दिवसांत ऊन भरपूर असते आणि बॅटऱ्या सोलरवरच दुपारपर्यंत भरलेल्या असतात. दिवसभर घरी कोणी नसणार असेल, लग्नकार्याला परगावी जायचे असेल, तर ब्रेक टाकूनच निघा. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ ॲप फोनवर ठेवा. ते विजांचा इशारा देते, आणि वळवाचा झोत बहुधा त्याच ढगातून उतरतो. जून ते ऑगस्ट मात्र पवनचक्की मोकळी चालू द्या. तो तिच्या कमाईचा काळ आहे, आणि तेव्हाच्या वाऱ्याला शेपूट पुरेसे पडते, खीळ स्वच्छ असेल तर.

खांबाबद्दल थोडे. घराच्या स्लॅबवर बसवू नका. गच्चीवरचा वारा घुसळलेला असतो आणि कंप भिंतींत उतरतो. शेतातला, चारी बाजूंनी तणावे दिलेला, बुडाशी बिजागरी असलेला आडवा पाडता येणारा खांब सगळ्यांत बरा. चक्रीवादळाची सूचना आली तर तो खाली घ्या. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेला गेले तेव्हा आधी काही दिवस सूचना होती. खांब उतरवायला दोन तास आणि चार माणसे पुरतात. तणाव्यांचे खुंट मात्र जमीन बघून करा. खानापूर, चंदगडच्या बाजूला तांबडी माती आणि जांभा लागतो, तिथे खुंट चांगला धरतो. निपाणी, चिकोडीकडचे काळे रान उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिथे खुंट खोल, मुरमापर्यंत नेलेला आणि काँक्रीटच्या वजनाचा हवा. मे अखेर आणि जुलैच्या मध्यावर तणावे हाताने दाबून बघा, आणि टर्नबकल सुटू नयेत म्हणून त्यांच्या डोळ्यांतून तार ओवून बांधा. खांबातून खाली येणारी केबलही बघा. डोके वाऱ्याबरोबर फिरते तशी ती पिळत जाते. पीळ वाढून तार तुटली तर तेही ओझे तुटणेच.

नवीन घेणाऱ्यांनी चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेकडे चाचणी झाली आहे का, हे विचारावे. छोट्या पवनचक्क्यांसाठी आयईसी ६१४००-२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात सुरक्षा आणि टिकाऊपणा या दोन्हींची परीक्षा होते. कागद दाखवायला टाळाटाळ होत असेल तर दुसरे दुकान बघा. आणि ‘किती वॅट’ या आकड्यासमोर तो कोणत्या वेगाला मोजला आहे हे लिहिलेले असले पाहिजे.

वादळ येऊन गेल्यावर लगेच ब्रेक काढू नका. आधी दुर्बिणीतून किंवा फोनच्या कॅमेऱ्याने मोठे करून पात्यांची टोके, शेपटीची बिजागरी आणि वरचे बोल्ट बघा. तणाव्यांत एखादा ढिला, दुसरा ताठ झाला असेल तर खांब झुकला आहे. आधी तो सरळ करा. मग बारीक वाऱ्यात ब्रेक सोडून, तिन्ही तारांच्या जोड्यांमध्ये एकेक करून मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एक जोडी कमी दाखवत असेल तर एक गुंडाळी किंवा केबलमधला एक जोड गेला आहे, आणि अशा स्थितीत पुढच्या वाऱ्यात ब्रेकही अर्धाच लागतो. ती दुरुस्ती होईपर्यंत खांब आडवा करून ठेवा.